फळा, पडदा आणि ईदचा चाँद

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला त्या दिवशी पेढे वाटले होते. आखातात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पैसे पाठवले होते. सातवीच्या वर्गाच्या खिडक्यांना काळ्या कापडाचे पडदे शिवून घेतले, भिंतीचा एक तुकडा पांढरा रंगवला, आणि पहिला धडा लावला तो पचनसंस्थेचा. घास तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात, मग लहान आतड्यात. रंगीत, हलणारं, मागे संगीत. एरवी दहा मिनिटं एका जागी न बसणारी पोरं पंचवीस मिनिटं गप्प बसून राहिली. मला वाटलं, जिंकलं आपण.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी मुळात भाषेची शिक्षिका. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती उर्दू आणि मराठी. विज्ञानाचा तास माझ्याकडे आला तो केवळ विज्ञानाचं पद रिकामं राहिलं म्हणून. ज्या शाळांत हे घडतं तिथल्या शिक्षकांना ठाऊक आहे की रात्री पुस्तक वाचून सकाळी वर्गात उभं राहताना पोटात कसा गोळा येतो. त्यामुळे प्रोजेक्टर आला याचा आनंद पोरांपेक्षा मला जास्त झाला होता. आता जे मला येत नाही ते पडदा शिकवणार होता. मी फक्त बटण दाबायचं.

चित्रफीत संपली. ‘समजलं का?’ विचारलं. ‘हाँ टीचर!’ सगळ्यांनी एका सुरात. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘टीचर, रोज़ा रहता तब पेट में क्या चलता? खाना तो नइच आता.’

पडद्यावर याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी ‘उद्या सांगते’ म्हटलं आणि संध्याकाळी ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं की जेवण पचून गेल्यावर शरीर यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतं, ते कमी होत गेलं की चरबी वापरायला लागतं, आणि रिकामं जठरही अधूनमधून आकुंचन पावतं, तोच गुडगुड आवाज. दुसऱ्या दिवशी मी हे फळ्यावर खडूने काढून सांगितलं. चित्र अगदीच सुमार होतं. पण त्या दिवशी प्रश्नांना खळ पडला नाही. सहरीला काय खाल्लं तर जास्त वेळ टिकेल? दादीला शुगर आहे, तिचं काय होतं? रंगीत चित्रफितीनंतर एक प्रश्न आला होता, वेड्यावाकड्या चित्रानंतर पंधरा आले.

तिथून मी या विषयाकडे जरा नीट बघायला लागले.

यंत्राने शिकवण्याचं स्वप्न काही आजचं नाही. १९१३ साली थॉमस एडिसनने भाकीत केलं होतं की लवकरच शाळेतली पुस्तकं कालबाह्य होतील आणि चित्रपट त्यांची जागा घेतील. शंभर वर्षं उलटून गेली, पुस्तकं आहेतच. आपल्याकडे २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. माझ्या वयाच्या लोकांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम आठवत असतील. आमच्या गल्लीत तेव्हा मोजके टीव्ही होते, आम्ही शेजारच्या काकूंच्या घरी चटईवर बसून बघायचो. विज्ञानाचे साधे प्रयोग, मराठीत, आपल्यासारखीच दिसणारी मुलं करताना दिसायची. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती बनवणारी सरकारी संस्था आपल्याकडे होती, ही किती मोठी गोष्ट होती हे आज जाणवतं. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच काळात इकडे ‘डिजिटल शाळा’ हा शब्द प्रत्येक भाषणात होता. चित्रफिती तयार करणारं घर बंद आणि त्या दाखवणारी यंत्रं दारोदार, हे गणित मला अजून उलगडलेलं नाही.

कोल्हापूरकरांना तर पडद्याचं कौतुक कुणी सांगायलाच नको. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले, शांताराम आणि आमचे कागलचे साहेबमामा फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये इथेच ‘प्रभात’ सुरू केली. मी मुलांना हे आवर्जून सांगते, आणि साहेबमामांचं पूर्ण नाव शेख फत्तेलाल होतं हेही सांगते. पण त्यातला कॅमेऱ्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विकत आणलेल्या यंत्रावर चित्रपट बघणं वेगळं आणि यंत्र उघडून, समजून, तसंच घडवणं वेगळं. बाबूरावांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. शिकण्याची खरी जागा कुठे असते याचा विचार त्यावरून करता येतो.

आता पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड असतात. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी रुजवली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. या बातमीत सगळ्यांनी क्यूआर कोड बघितला. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. परितेवाडीतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, पुस्तकं त्या भाषेत नव्हती. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने सांगितलं आहे की गुरुजींनी आधी ती अडचण सोडवली, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, आणि कोड त्याच्यासोबत आला. म्हणजे आधी भाषा, मग तंत्र. आपण मात्र कोड तेवढा उचलला.

उर्दू माध्यमाच्या वर्गात ही भाषेची गोष्ट रोज टोचते. बालभारती उर्दूत पुस्तकं काढते, ती चांगली आहेत. पण पडद्यावर लावण्याजोग्या चित्रफिती शोधायला बसलं की इंग्रजी ढीगभर, हिंदी पुष्कळ, मराठी बऱ्यापैकी आणि उर्दू शोधूनही हाताला लागत नाही. पोर पुस्तकात वाचतं ‘इनइकास’, पडद्यावर ऐकतं ‘परावर्तन’ आणि क्लासला जात असेल तर तिथे ‘रिफ्लेक्शन’. त्याला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मुलाने मला अगदी मनापासून विचारलं होतं, ‘टीचर, परावर्तन मराठी आरशातच होतं का?’ वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण त्याचा गोंधळ खरा होता.

इथे मात्र माझं भाषेचं शिक्षण कामी आलं. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: ज़ियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. ज़िया म्हणजे प्रकाश. तालीफ म्हणजे जुळवणं, एकत्र बांधणं, पुस्तक रचणं यालाही आपण तालीफच म्हणतो. संश्लेषण म्हणजे जोडणं. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे एकत्र आणणं. तिन्ही भाषा एकच गोष्ट सांगताहेत की उजेडाच्या मदतीने झाड काहीतरी जुळवून बनवतं. मग प्रश्न आपोआप आला, काय जुळवतं? पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. बनतं काय? साखर. हे सगळं चित्रफितीतही होतं, पण शब्द फोडल्याशिवाय पोरांनी ते नुसतं पाठ केलं असतं.

सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर नावाच्या माणसाने नेमक्या याच विषयावर पीएच.डी. केली, २००८ मध्ये. त्याने भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन तऱ्हेच्या चित्रफिती दाखवल्या. एकात स्वच्छ, नेटकं स्पष्टीकरण. दुसऱ्यात विद्यार्थ्यांच्या मनातल्या चुकीच्या समजुती आधी उघड बोलून दाखवल्या आणि मग त्यांच्यावर वाद घातला. पहिली बघणारे म्हणाले, एकदम सोपं, छान समजलं. परीक्षेत त्यांचे गुण जवळपास होते तिथेच. दुसरी बघणारे म्हणाले, गोंधळ झाला, डोकं शिणलं. गुण त्यांचे वाढले. स्पष्ट चित्रफीत बघताना मन म्हणतं, हे तर मला ठाऊकच आहे, आणि जुनी चूक तशीच जपून ठेवतं. ‘हाँ टीचर’ या सुराचं रहस्य मला हे वाचून कळलं. अमेरिकेतले रिचर्ड मेयर हे दुसरे अभ्यासक, त्यांनी दाखवलं की चित्र, निवेदन आणि निवेदनातलीच वाक्यं छापून, हे तिन्ही एकदम पडद्यावर आलं तर शिकणं वाढत नाही, उलट अडखळतं. आपल्याकडच्या कितीतरी चित्रफितींत अगदी हेच असतं. वर एक गाणंही असतं.

म्हणून २०२५ च्या रमजानात मी एक वेगळं करून बघितलं. चंद्राच्या कला हा धडा. याची चित्रफीत फार सुंदर आहे: पृथ्वी फिरते, चंद्र तिच्याभोवती फिरतो, कोपऱ्यात त्याचा आकार बदलतो. आदल्या वर्षी मी ती दाखवली होती आणि नंतर सहज विचारलं होतं, ‘ईदचा चाँद कोरीसारखा का दिसतो?’ निम्म्याहून जास्त वर्गाने उत्तर दिलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. चित्रफीत बघून पाच मिनिटं झाली होती!

या वेळी चित्रफीत लावलीच नाही. एक वही करायला सांगितली. रोज इफ्तार झाल्यावर बाहेर यायचं, चाँद कुठे आहे आणि केवढा आहे ते काढायचं, खाली दिशा लिहायची. एवढंच. शिवाजी पेठेत राहण्याचा एक फायदा असा की पश्चिमेला रंकाळा आहे, तिकडे आकाश मोकळं मिळतं. १ मार्चच्या संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला, बारीक कोर, आणि तिच्या वर शुक्र लकाकत होता. काही पोरं घाटावर गेली होती, बाकीची आपापल्या गच्चीवर. दुसऱ्या दिवशी चाँद थोडा वर, थोडा जाड. पाचव्या-सहाव्या रोज्याला मगरिबच्या वेळी तो डोक्यावर आणि अर्धा. १३ तारखेला पेठेत होळी पेटली तेव्हा तो पूर्वेकडून वर येत होता, भरलेला. पोरांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघून वहीत मांडलं. कुणाची वही सुरेख, कुणाची तेलकट बोटांचे ठसे उमटलेली, एकीने तर तीन दिवस ‘भूल गई’ लिहून चौकोन रिकामे सोडले होते.

होळीनंतर पंचाईत झाली, मगरिबला चाँदच दिसेना. ‘टीचर, चाँद गायब.’ तेव्हा कामाला आलं ते कालनिर्णय. एका मुलाच्या शेजारी कुलकर्णी आजी संकष्टी करतात, त्यांचा उपास चंद्र उगवल्यावर सुटतो. आजींनी त्याला चंद्रोदयाच्या वेळा दाखवल्या. १७ तारखेला नऊ वाजून गेल्यावर. रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर. मुलाने त्या वेळा वहीत उतरवून आणल्या, आजींनी त्याच्या हातावर दोन खजूर ठेवले होते तेही सांगितलं. खजूर त्याच्याच आईने त्यांना दिले होते, ही वेगळी गोष्ट.

मग वर्गात वाद झाला. मी फक्त एकच प्रश्न टाकला: पहिल्या दिवशी सूर्य कुठे होता आणि चाँद कुठे? दोन्ही पश्चिमेला. आपली सावली सूर्याच्या कोणत्या बाजूला पडते? उलट्या. मग पृथ्वीची सावली कुठे पडली असेल? पूर्वेला. एक मुलगा ताडकन उठला, ‘मग चाँदवर पडेलच कशी टीचर? तो तर इकडे आहे!’ पुढे त्यांनीच काढलं की सावली पडायचीच असेल तर ती चाँद सूर्याच्या समोर असेल तेव्हा, म्हणजे पौर्णिमेला, आणि त्यालाच ग्रहण म्हणतात. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न त्यातून निघाला. चंद्राची कक्षा थोडी कललेली आहे, हे मला बोलून पटवता आलं नाही, हातांनी दाखवून बघितलं, जमलं नाही. तेव्हा मी प्रोजेक्टर लावला. तीच जुनी चित्रफीत. पण आता पोरं ती थांबवायला लावत होती. ‘टीचर पीछे लो. हाँ, ये अपना सातवा रोज़ा.’ आदल्या वर्षी ज्या चित्रफितीसमोर वर्ग नुसता बसला होता, तिच्याशी या वर्षी तो बोलत होता.

मला तंत्रज्ञानाचा विरोध नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. पेशीचं विभाजन, हृदयाच्या झडपा, ज्वालामुखीचं पोट, ग्रहांची गती हे मी वर्गात आणू शकत नाही, पडदाच आणू शकतो. माझा आक्षेप आहे तो चुंबकाची चित्रफीत दाखवण्याला. चुंबक पाच-दहा रुपयांना मिळतो. मेणबत्तीवर पेला उपडा ठेवण्याची चित्रफीत कशाला? मेणबत्ती आणा, पेला आणा. पुण्याच्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी आगकाड्या, सायकलची व्हॉल्व ट्यूब, स्ट्रॉ, जुन्या चपला यांच्यापासून खेळणी करण्याच्या शेकडो चित्रफिती केल्या, मराठीसह अनेक भाषांत. त्या दोन-तीन मिनिटांच्या असतात आणि बघितल्यावर मूल उठून आगपेटी शोधायला लागतं. मी आता चित्रफीत निवडताना एवढंच बघते, ती संपल्यावर पोर उठतं की बसून राहतं. आयुका उभी करणारे जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, जन्म इथलाच, १९३८ चा. २० मे २०२५ ला ते गेले. आमच्या वर्गातल्या चाँदच्या वह्या तेव्हा ताज्या होत्या.

एक प्रसंग सांगायचा राहिला. प्रकाशाचा धडा लावला होता आणि मध्येच वीज गेली. काळ्या पडद्यांमुळे वर्गात मिट्ट काळोख. पोरांनी ओरडा सुरू केला आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘टीचर, दीवार पे देखो, रिक्षा उल्टी जारी!’ खरंच. पडद्याच्या कापडाला खिळ्याने वाटाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून बाहेरचा उन्हातला रस्ता समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उमटला होता, खाली डोकं वर पाय. रिक्षा, मागून एक सायकल, समोरच्या दुकानाचा पत्रा. सगळं फिकट, पण रंगीत आणि चालतं.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्नुल हैसमने ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये याच अंधाऱ्या खोलीचा प्रयोग लिहून ठेवला आहे. भोकासमोर अनेक दिवे मांडायचे, आत तेवढेच ठिपके दिसतात, एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत येतो आणि एका दिव्याचा उजेड दुसऱ्यात मिसळून बिघडत नाही. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात असं युक्लिड आणि टॉलेमी मानत आले होते, ते त्याने नाकारलं. आमच्या समाजात इब्नुल हैसमचं नाव अभिमानाने घेतात, भाषणांत तर हमखास. प्रयोग मात्र कुणी करत नाही. आम्ही त्याच दिवशी केला, मोबाइलच्या तीन टॉर्चवर. वीज नव्हती, प्रोजेक्टर बंद होता, आणि प्रकाशाचा धडा त्या वर्षी तेवढाच नीट झाला.

शाळांना उपकरणं देणाऱ्या दानशूर मंडळींना आणि संस्थाचालकांना माझी एक विनंती आहे. पॅनेल जरूर द्या, पण त्यासोबत दहा भिंगं, दहा आरसे, चुंबक, होकायंत्र, एक साधा सूक्ष्मदर्शक द्या. आणि कपाटाची किल्ली कार्यालयात ठेवू नका, वर्गात ठेवा. दोन-चार भिंगं फुटतील. फुटू देत. शिक्षकाला बटण कुठलं दाबायचं याचं प्रशिक्षण अर्ध्या तासात होतं. चित्रफीत कुठे थांबवायची आणि थांबवून काय विचारायचं, हे शिकायला वर्ष लागतं, त्याचं प्रशिक्षण मला अजून कुणी दिलेलं नाही. कोरोनाच्या दिवसांत हे उघडं पडलं होतं. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका चांगली होती, माझ्या शेजारची मराठी शाळेतली मुलं बघायची. आमची उर्दूची पोरं मात्र एका फोनवर तिघं, तोही अब्बा कामावरून आले की हाताला लागणारा, आणि त्यावर मी पाठवलेल्या भलत्याच भाषेतल्या चित्रफिती. त्या न बघताच पुढे ढकलल्या गेल्या असणार.

सध्या एक उद्योग चालू आहे. चित्रफितीचा आवाज पूर्ण बंद करायचा आणि निवेदन पोरांनी करायचं, अर्ध्या गटाने उर्दूत, अर्ध्याने मराठीत. मोबाइलवर रेकॉर्ड करतो. बोलताना कोण कुठे अडखळतं त्यावरून कुणाला काय समजलेलं नाही ते लगेच कळतं. रक्ताभिसरणाच्या चित्रफितीत एकाने ‘खून फेफड़ों में जाके धुलता’ असं ठोकून दिलं, दुसरीने त्याला अडवलं, ‘धुलता नइ, ऑक्सिजन लेता.’ दोघांचं भांडण रेकॉर्ड झालंय, मी ते पुसलेलं नाही. आतापर्यंत चार धडे झाले आहेत. पचनसंस्थेचा पाचवा, आणि त्यात रोज्याचा भाग पोरांनी स्वतःहून घालायचा ठरवलाय.